पांढऱ्या ओट्याच्या कर्त्याकरवित्यास

मु. पो. सोनई, ता. नेवासा,
जि. अहिल्यानगर

माननीय डिझायनर साहेब,

सा. न. वि. वि.

हा नमस्कार नुसता कागदोपत्री नाही. तुमच्या कृपेनं घरात आलेल्या पांढऱ्याशुभ्र ओट्यावरचे चट्टे समोर उभं राहून दिसत नाहीत. कमरेत वाकून, मान तिरकी करून, खिडकीच्या उजेडात आडवं पाहावं लागतं. म्हणजे रोज तुमच्या कलाकृतीपुढं नतमस्तक होणं आलंच. पत्र उघडं धाडते आहे, कारण फोनवर आपली भेट होत नाही. आधी तुम्ही ‘ताई, साइटवर आहे’ म्हणायचात, मग ‘ताई, गाडी चालवतोय’ झालं, आता नुसतीच रिंग वाजते. (जाता जाता : तुमच्या बिलावर अजून ‘अहमदनगर’ छापलेलं आहे. जिल्ह्याचं नाव २०२४ साली बदललं. बोलताना आम्हीही नगरच म्हणतो, पण आम्ही कुणाला बिलं पाठवत नाही.)

पहिल्या भेटीत तुम्ही मांडीवर टॅब घेऊन बसलात आणि विचारलंत, ‘ताई, तुमची टेस्ट कशी आहे?’ मी म्हटलं, ‘तिखट.’ पोरगा हसला, सूनबाईनं डोळे वटारले, तुम्ही टॅबवर काहीतरी टिपून घेतलंत. स्वयंपाक या विषयावर आपलं झालेलं बोलणं तेवढंच. पुढं मॅट की ग्लॉसी, हँडल की बिनहँडल, वॉर्म व्हाइट की कूल व्हाइट अशी प्रश्नांची सरबत्ती झाली, ती सगळी पोराशी. तो पुण्याला असतो, दिवाळीला आणि यात्रेला येतो, त्यामुळं या घरच्या स्वयंपाकाचा अधिकारी पुरुष तोच. भाकरी रोज होते का, मसाला घरी कुटता का, पाणी बोअरचं की नळाचं, असले खेडवळ प्रश्न विचारून तुम्ही मला संकोचात टाकलं नाहीत, याबद्दल आभारी आहे.

दगडाबद्दल मात्र तुम्ही भरभरून बोललात. पहिल्या खेपेला तो ‘इटालियन’ होता. पुढच्या खेपेला ‘मकराना, म्हणजे प्रत्यक्ष ताजमहालचा दगड’ झाला. इटलीहून राजस्थानात इतक्या लवकर पोहोचलेला दगड मी पहिल्यांदाच पाहिला. असो, किशनगढच्या बाजारात दोन्ही शेजारीशेजारी उभे असतात म्हणे, गल्लत होऊ शकते. पण ताजमहालाचंच म्हणाल तर शहाजहाननं त्या दगडाची कबर बांधली. तिथं आमटीला फोडणी पडत नाही, कुणी चिंच कोळत नाही, आणि आत झोपलेल्या बाईसाहेबांना ओटा पुसायचा नसतो. एवढं असूनही तो दगड पिवळा पडतो आणि पुरातत्त्व खात्याला त्यावर मुलतानी मातीचे लेप द्यावे लागतात. हे लेपाचं तुम्ही सांगितलं नाहीत. ते मला नंतर, स्वतः लेप कालवायची वेळ आली तेव्हा कळलं.

आता ओट्याचं वर्तमान ऐका. गॅसच्या डावीकडं एक गोल आहे, पेल्याच्या बुडाएवढा. तो लिंबू-सरबताचा. त्याच्याशेजारी वाटीएवढा गोल आहे, तो चिंच भिजत घातली होती तिथला. सिंककडं जाताना ताकाच्या थेंबांची रांग आहे, रवी उचलून नेताना गळलेल्या. हे डाग नाहीत, म्हणून ते घासून जात नाहीत. बोट फिरवून पाहा, भोवती दगड गुळगुळीत लागतो आणि वर्तुळाच्या आत किंचित खरखरीत. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आंबट लागलं की वरचा पापुद्रा विरघळतो आणि त्याबरोबर पॉलिश जातं. शहाबादी फरशीवर ॲसिड सांडलं की फेस येतो ना, तोच प्रकार, फक्त सभ्यपणे, फेस न दाखवता. तुम्ही म्हणालात, ‘सीलर मारलाय ताई, आता काही होत नाही.’ सीलर तेलपाणी आत मुरणं लांबवतो, आंबट त्याला जुमानत नाही. ज्या घरात लिंबू, चिंच, ताक, टोमॅटो, कैरी यांतलं काही रोज चिरलं, कोळलं किंवा घुसळलं जातं, त्या घरात हा दगड म्हणजे माहेरी पाठवून द्यायची सून. पण तिचं माहेर मकराना की इटली, तेच नक्की नाही.

आंबटाचं झालं, आता पिवळ्याचं. आमच्याकडं शिपी आमटी होते. तुम्ही नगर जिल्ह्यात व्यवसाय करता, तेव्हा ती खाल्ली असेलच, तर्रीसकट. त्या तर्रीचा एक ओघळ पातेल्यावरून ओट्यावर उतरला आणि मी भाकरी उलटवून येईपर्यंत तिथं राहिला. तेवढा वेळ पुरला. हळदीचा रंग तेलात छान विरघळतो आणि तेलाचं बोट धरून दगडाच्या बारीक छिद्रांत उतरतो. कपड्यावरची हळद आम्ही धुऊन उन्हात टाकतो, उन्हानं तो रंग उडतो, हे गावातल्या पोरीसोरींनाही माहीत आहे. ओटा गच्चीवर कसा वाळत घालायचा, एवढं एकदा येऊन दाखवा.

खरी गंमत पुढं आहे. आमचं बोअरचं पाणी जड. नळाच्या बुडाशी, सिंकच्या कडेला पांढऱ्या क्षारांचा थर बसतो. आजवर मी त्यावर पिळलेल्या लिंबाची फोड चोळत आले, थर सुटून यायचा. इथंही चोळली. थर गेला, आणि त्याबरोबर नळाभोवतीची झळाळीही गेली. कारण क्षार म्हणजे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट आणि ओटाही कॅल्शियम कार्बोनेट. जे औषध रोगाला लागू पडतं तेच रोग्यालाही. मग तुमच्या माणसानं सांगितलं, सौम्य साबण आणि मऊ फडकं. साबणाला क्षार हलत नाहीत. तेव्हा आता मी क्षारांना हात लावत नाही. पांढऱ्यावर पांढरं, दिसतं कुणाला? तुमची दूरदृष्टी मला उशिरा कळली.

साहेब, दगडाचं आमच्या तालुक्याला वावडं नाही. नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली, तो पैस दगडाचाच आहे, आणि त्याला कुणी वॉर्म व्हाइट करून घेतलेला नाही. सोनईपासून हाकेच्या अंतरावर शनिशिंगणापूर. तिथली शिळा काळी, उघड्या चौथऱ्यावर, वर छप्पर नाही, आणि रोज तिच्यावर तेल पडतं. काळ्या दगडावर तेल पडलं की त्याला अभिषेक म्हणतात. माझ्या पांढऱ्यावर पडलं की घरात सगळे माझ्याकडं पाहतात. त्या चौथऱ्यावर चढायला बायकांना २०१६ चा गुढीपाडवा उजाडावा लागला, तोही मुंबई उच्च न्यायालयानं कान टोचल्यावर. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी मात्र आम्हाला कधी कुणी अडवलं नाही. त्याचा दगड निवडायचा होता तेव्हा तेवढं अडवलं.

शिंगणापूरच्या घरांना दारं नसतात, हेही तुम्ही कुठंतरी ऐकलेलं दिसतं, कारण माझ्या स्वयंपाकघराचंही दार तुम्ही काढलंत. ‘ओपन किचन.’ आता मिरचीची फोडणी पडली की बैठकीतले पाहुणे ठसकतात आणि मालक टीव्हीचा आवाज वाढवतात. शिंगणापूरला शनिदेव राखण करतात अशी श्रद्धा आहे. इथं ठसक्यापासून राखण कोण करणार, तेही बिलात लिहायला हवं होतं.

तुमच्या माणसांनी फोडून ट्रॉलीत भरला, तो जुना ओटा काळ्या कडप्प्याचा होता. सासूबाई चुलीपुढं बसून राबल्या. चूल, वैल, फुंकणी, सगळं जमिनीवर. गॅस आला तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि तेव्हा हा कडप्पा आला, तिकडं आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यातून. तो काही देवाचा दगड नव्हता. तोही चुनखडीच्याच जातीचा, शहाबादी आणि कोटा यांचा भाऊबंद, लिंबाला तोही भ्यायचा, कडेनं पांढुरका पडला होता. पण खोबरेल तेलाचा हात फिरवला की पुन्हा काळाभोर. त्याच्यावर सासूबाईंनी नारळ फोडले, गुळाची ढेप फोडली, खलबत्ता आपटला. एका कोपऱ्याला टवका उडाला होता, त्याच्याकडं बोट दाखवून तुम्ही ‘अरेरे’ म्हणालात. तुमच्या ओट्यावर मी अजून नारळ फोडलेला नाही. नारळ आता बाहेर पायरीवर फुटतो आणि पाणी तुळशीला जातं.

उंचीचा विषय काढल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. तुम्ही ओटा छत्तीस इंचांचा केलात, ‘स्टँडर्ड’ म्हणून. कुणाच्या स्टँडर्डनं? मी पाच फुटांना थोडी कमीच. कोपर दुमडलं की त्याच्याखाली चार-सहा इंचांवर ओटा यावा, हा साधा हिशेब आमच्या गावचा गवंडी बाईला भिंतीशी उभं करून करतो, आणि मग खडूनं रेघ मारतो. पोळी एक वेळ लाटता येईल, पण भाकरी? बाजरीचं पीठ मळायला आणि थापायला खांद्याचा भार वरून यावा लागतो. तुमच्या ओट्यावर परात ठेवली की माझे हात छातीशी येतात, भाकरीला एका बाजूनं जाडी राहते आणि ती फुगत नाही. म्हणून मी आता पाटावर उभी राहते. पूर्वी पाटावर बसून जेवायचो, आता त्यावर उभं राहून रांधते. एवढी प्रगती एका पिढीत झाली, त्याचं श्रेय तुमचंच.

तिकडं जर्मनीत फ्रँकफुर्टला १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुविशारद बाईनं कामगारांच्या घरांसाठी स्वयंपाकघर आखलं. सुमारे दहा हजार घरांत ते बसलं, आणि तुमचं ते मॉड्युलर की काय, त्याची ती आजी समजतात. ही बाई उतारवयात सांगायची की ते आखण्याआधी तिनं कधी स्वयंपाक केलाच नव्हता. तेव्हा अनुभव नसणं हा काही गुन्हा नाही, तुमच्यावर तो आरोप मी ठेवत नाही. पण तिनं घड्याळ लावून कामाच्या वेळा मोजल्या, बाईला किती पावलं टाकावी लागतात ते पाहिलं. तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात आलात तेव्हा लेझरचा लाल ठिपका भिंतीवर मारलात आणि मला म्हणालात, ‘ताई, जरा बाजूला होता का?’

आता तक्रारीवर तुमचा निरोप आला की संगमरवर काढून क्वार्ट्झ बसवू, वरचा फरक तेवढा द्या. त्याला डाग पडत नाही, आंबट चालतं. खरं आहे, थोडी चौकशी मीही केली. नव्वद टक्क्यांच्या वर दगडाचा चुरा आणि त्याला धरून ठेवायला रेझिन. त्या रेझिनला तापलेली कढई सोसत नाही, जागा पिवळी पडते, कधी तडा जातो. आमच्याकडं भाकरीचा तवा गॅसवरून उतरतो तो थेट ओट्यावर. त्याच्यासाठी उशी शोधत बसायची सवय या वयात लागणार नाही.

पण मला क्वार्ट्झ नको असण्याचं कारण तवा नाही, तुमच्याकडचा तो पोरगा आहे. सिंकचं भोक पाडायला अंगणात बसला होता, तोंडाला नुसता रुमाल, हातात कटर, पाणी सोडलेलं नाही. तास-दीड तासानं उठला तेव्हा त्याच्या पापण्या, भुवया आणि कानावरची लव, सगळं पांढरं झालेलं. मी पाणी दिलं तर आधी खोकला आणि मग प्याला. संगमरवराच्या धुळीत सिलिका फारशी नसते, तेवढं त्याचं नशीब. क्वार्ट्झच्या पाटीत ती नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, आणि ती बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. सिलिकोसिस म्हणतात. खंभातच्या अकीक घासणाऱ्यांची घरंच्या घरं त्यानं खाल्ली आहेत. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर सरळ बंदीच घातली, कारण तिथले ओटे कापणारे तरुण कामगार त्यानं आजारी पडत होते. तुमच्या टॅबवर क्वार्ट्झचे एवढे रंग आहेत, हा रंग त्यात नव्हता. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, कमी असली तरी असते. म्हणून पुढचं काम अंगणात पाणी सोडून होईल, नळी मी धरीन, आणि कापणाऱ्याच्या तोंडाला धड मास्क असेल. नसेल तर मास्क आणून दिल्यावरच काम सुरू होईल. चिखल झाला तरी चालेल, अंगण माझंच आहे.

तर ग्रॅनाइट. तुम्ही त्याला नाक मुरडलंत, ‘फार कॉमन झालंय ताई, प्रत्येक घरात तेच.’ प्रत्येक घरात बाई रांधते म्हणूनच ते प्रत्येक घरात आहे. भूगर्भवाल्यांच्या कठीणपणाच्या मापात संगमरवर ३ वर, पोलादी सुरी साडेपाचच्या आसपास आणि ग्रॅनाइट ६ ते ७. कोण कुणाला ओरखडेल ते यावरून काढा. आणि आम्हाला हवा तो काळा, बारीक चमकीचा, ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीच्या खाणीतला, दुकानात त्याला ब्लॅक गॅलेक्सी म्हणतात. खरं तर तो ग्रॅनाइटही नव्हे, गॅब्रोच्या जातीचा आहे. म्हणजे आमच्या पायाखालच्या काळ्या पाषाणाचाच चुलतभाऊ. आमचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर येऊन लवकर थंड झाला, त्याचा पोटातच सावकाश थंड झाला, म्हणून त्याचे दाणे मोठे. ज्या जातीच्या दगडाचा आमचा पाटा-वरवंटा, त्याच्याच गोतातला ओटा. त्याच्यावर जड पाण्याचे पांढरे ठिपके दिसतील, ते मला ठाऊक आहे. पण त्याच्यावर लिंबू चोळता येईल.

खरेदीला मी स्वतः जाणार आहे, सूनबाईला घेऊन. पर्समध्ये लिंबू आणि नेलपॉलिश काढायचं औषध, दोन्ही ठेवलं आहे. करडा दगड काळा रंगवून विकतात, त्या औषधाचा बोळा फिरवला की रंग कापसावर उतरतो. दुकानदार रागावला तर रागावू दे. सिंकच्या भोकाचे कोपरे गोल काढून घेणार, काटकोनात कापले की तडा तिथूनच जातो. खाली आधाराला कडप्पा. पुढच्या कडेला पाणी अडवायची पट्टी, जी तुम्ही ‘क्लीन लुक’साठी गाळलीत आणि जिच्याअभावी माझं लुगडं पोटापाशी कायम ओलं असतं. उंची खडूची रेघ मारून ठरली आहे, बत्तीस इंच. सूनबाई माझ्यापेक्षा उंच, तिचं म्हणणं तिलाही चालेल, कारण ती भाकरी शिकते आहे. दारही परत बसणार.

तुमचा संगमरवर फोडणार नाही. उसाच्या पैशाचा आहे तो, दोन हप्त्यांतला. एक पाटी देवघरात जाईल, तिथं आंबट काही चढत नाही. पंचामृत मात्र बाहेरच्या ताम्हणात करावं लागेल. उरलेला ओसरीवर बसायला घालू. उन्हाळ्यात गार लागेल आणि मालकांना त्यावर बसून पेपर वाचताना ‘इटालियन’ म्हणता येईल.

तुमचा उरलेला हप्ता मी अडवून ठेवला आहे. तो न्यायला तुम्ही स्वतः यावं, माणूस पाठवू नये. दुपारच्या वेळी या. शेंगोळे करू. कुळथाचं पीठ मळून, वळून, पातेलं उतरवून ओटा पुसण्यापर्यंत सगळं तुम्ही, तुमच्याच ओट्यावर. पाट मी देईन, पण तुम्हाला तो लागणार नाही, तुम्ही उंच आहात.

कळावे,
आपली,
सोनईची एक गिऱ्हाईक

ता. क. : सिंकसाठी कापून काढलेला संगमरवराचा चौकोनी तुकडा तुमची माणसं अंगणातच टाकून गेली होती. सूनबाईनं त्याच्या कडा घासून घेतल्या आणि त्याचा पोळपाट केला. गार राहतो, कणीक चिकटत नाही, पोळी सुरेख लाटली जाते. बिलातल्या तेवढ्या चौरस फुटाचे पैसे मी आनंदानं देईन.